कडकसाहेबांचा सहभाग

मुंगी सहावीत जाईपर्यंत तिच्या शिक्षणातला कडकसाहेबांचा सगळा सहभाग प्रगतिपुस्तकाच्या एका कोपऱ्यात मावत होता. ‘पालकांची सही’ असं जिथे छापलेलं असे, तिथे ते सही करत. सही मात्र झोकदार, शेवटी दोन ठिपके देऊन. तिच्या वरच्या रकान्यांत काय लिहिलंय ते वाचायची त्यांना कधी गरज भासली नाही. कामावर दिवसाला साठ-सत्तर गेटपासांवर सह्या ठोकणाऱ्या माणसाने प्रत्येक कागद वाचायचा म्हटलं तर जेवायचं कधी?

ते काम म्हणजे एका मोठ्या लॉन्ड्रीतलं. शहरातल्या रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत आणि इस्त्रीच्या रोलरखालून पापडासारख्या निघत. त्या विभागाचे हे सुपरवायझर. चादरीला एक चुणी दिसली की अख्खा गठ्ठा परत. बोलणं तसंच, चालणं तसंच, शर्टाची कॉलर तर विचारूच नका. म्हणून कामगार पाठीमागे त्यांना ‘कडकसाहेब’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

मुंगीचं नाव मुंगी पडलं कारण चालता यायच्या आधीपासून ती पालथी पडून मुंग्या बघत बसायची. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे मुंगीची आई. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती, उपाशीपोटी येणाऱ्या लोकांना सकाळी सातपासून सुया टोचायची. शाळेच्या सभांना इतकी वर्षं तीच जायची. पण त्या शनिवारी लॅबमधल्या दोघी एकदम रजेवर गेल्या आणि पालकसभा कडकसाहेबांच्या गळ्यात पडली.

“नुसतं जाऊन बसायचं असतं,” बायकोने धीर दिला.

“आणि काही विचारलं तर?”

“तर ऐकून घ्यायचं.”

शाळेच्या फाटकावरच पहिला घोळ झाला. “सहावीचे पालक? तुकडी कुठली?” वहीत नाव लिहून घेणाऱ्या वॉचमनने विचारलं. कडकसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने त्यांचा पगार विचारला. मग चार पावलं बाजूला जाऊन, तोंडावर हात धरून त्यांनी बायकोला फोन लावला. “अगं, आपली तुकडी कुठली?” “ब,” बायको म्हणाली, “गेली सहा वर्षं ब.”

सभेत मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले. ज्या मुलांचे आईवडील शिक्षणात रस घेतात ती मुलं अभ्यासात पुढे जातात, मनानेही सुदृढ राहतात, असा एकंदर मथितार्थ. मग त्यांनी विचारलं, “आपल्या मुलाला विज्ञानात सध्या कोणता धडा चालू आहे, किती पालकांना सांगता येईल?”

एकच हात वर गेला. तो पालक संघाच्या अध्यक्षांचा, म्हणजे दंतवैद्यांचा. त्यांचा मुलगा मुंगीच्याच वर्गात होता. दंतवैद्य नुसते उत्तर देऊन थांबले नाहीत, उभे राहिले. “मी रोज माझ्या मुलासोबत अर्धा तास दर्जेदार वेळ घालवतो,” ते म्हणाले आणि खाली बसता बसता टाळ्या घेऊन गेले. याच गृहस्थांनी कडकसाहेबांच्या दाढेत भरलेलं सिमेंट आठवड्याभरात गळून पडलं होतं. असल्या माणसाने आपल्यापेक्षा चांगला बाप असावं, हे कडकसाहेबांच्या जिव्हारी लागलं. घरी येईपर्यंत त्यांचा निर्धार झाला होता. सहभाग घ्यायचा. आणि घ्यायचा तर असा, की दंतवैद्याची दातखीळ बसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीजच्या दारावर एक तक्ता चिकटला. ‘सर्वांगीण विकास आराखडा’ असं वर जाड अक्षरांत, खाली लॉन्ड्रीतल्या पाळ्यांच्या तक्त्यासारखे रकाने: वेळ, काम, पूर्ण, अपूर्ण, शेरा. शाळेतून आल्यावर हातपाय धुण्याला सहा मिनिटं. दूध, चार मिनिटं. गणित, चाळीस. सातला पाच कमी असताना पाठांतर. आणि सात वाजून दहा मिनिटांनी, हिरव्या शाईत: ‘मनमोकळा संवाद’. तो सात पंचवीसला संपायचा, कारण साडेसातला इंग्रजी होतं.

पहिल्या दिवशी बरोबर सात दहाला ते खुर्ची ओढून मुंगीसमोर बसले.

“हं, बोल.”

“काय बोलू?”

“मनात असेल ते. अगदी मोकळेपणाने. मी काही म्हणणार नाही.”

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने कढईत पाहिलं.

“आज वर्गात खिडकीतून एक गांधीलमाशी आली होती,” मुंगी म्हणाली. “मग बाईंनी—”

“खिडकीत बसतेस तू? फळा दिसतो का तिथून? उद्यापासून पुढे बस. बरं, पुढे.”

“मग काही नाही.”

“असं कसं? अजून अकरा मिनिटं आहेत.”

ती अकरा मिनिटं दोघंही घड्याळाकडे बघत बसले. सात पंचवीसला कडकसाहेबांनी ‘पूर्ण’च्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘प्रतिसाद मध्यम’.

“अहो, पोरगी आहे ती, टॉवेलांचा गठ्ठा नाही,” रात्रीची भांडी आवरताना बायको म्हणाली.

“म्हणूनच तर वेगळा तक्ता केलाय,” कडकसाहेब म्हणाले. त्यांना खरोखर वाटलं होतं की बायकोने त्यांच्या कामाचं कौतुक केलं.

तीन आठवड्यांनी विज्ञानाचा प्रकल्प आला. दोघादोघांनी मिळून करायचा होता. मुंगीची जोडीदार ठरलेलीच होती: पहिलीपासूनची मैत्रीण, शेजारच्या गल्लीत राहणारी, जाड भिंगांची, सगळे तिला चष्मिष म्हणत. दोघींचं सगळं ठरलं होतं. काचेच्या मोठ्या बरणीत एक लहान बरणी ठेवायची, मधल्या फटीत माती भरायची, मुंग्या सोडायच्या आणि वर काळा कागद गुंडाळायचा. पंधरा दिवसांनी कागद काढला की बोगदे दिसणार. रोज काय दिसलं ते लिहायला वहीही आखून झाली होती. चष्मिष घरून दोन्ही बरण्या घेऊन आली होती, धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून.

कडकसाहेबांनी त्या बरण्यांकडे, चादरीवरच्या डागाकडे बघावं तसं पाहिलं.

“मुंग्या? मुंग्या काय, त्या आपल्याकडे साखरेच्या डब्यातही आहेत. यात विज्ञान कुठंय?”

“काका, त्या आत वाटा कशा काढतात ते—” चष्मिषने सांगायला सुरुवात केली.

“काहीतरी भव्य पाहिजे,” काका म्हणाले. “वापरलेल्या पाण्याचं शुद्धीकरण. आमच्याकडे सगळी यंत्रणा आहे.” मग त्यांनी आवाज शक्य तितका मऊ केला. “बाळ, यात फार तांत्रिक काम आहे. तू दुसरी जोडीदार बघ. वाईट वाटून घेऊ नकोस हं.”

चष्मिषने काही वाईट वाटून घेतल्यासारखं दाखवलं नाही. तिने बरण्या पुन्हा कापडात गुंडाळल्या, चपला घातल्या आणि निघाली. मुंगी तिच्या मागे दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. कडकसाहेब तोवर लॉन्ड्रीच्या मेकॅनिकला फोन लावून मोकळे झाले होते.

मेकॅनिकने प्रकल्प बनवला तो बघत राहावा असा. तीन पिंपं, मध्ये वाळूची आणि कोळशाची गाळणी, पंप, पारदर्शक नळ्या, आणि प्रत्येक टप्प्यावर पेटणारे दिवे. तो इतका मोठा झाला की लॉन्ड्रीच्या व्हॅनमधून न्यावा लागला. गणवेशातल्या चार कामगारांनी तो जिन्यावरून चढवून विज्ञानाच्या खोलीत नेला, सगळी शाळा कठड्याला लटकून बघत होती. मुंगी व्हॅनमध्ये पुढे बसून आली होती. तिच्या हातात प्लगची वायर दिली होती, म्हणजे तिचाही हातभार लागला.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच वर्गशिक्षिका होत्या. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मुंगीला विचारलं, “यात कोळसा कशासाठी घातलाय?”

मुंगी प्रामाणिक. ती म्हणाली, “बाबांना विचारून सांगते.”

प्रकल्पाला क श्रेणी मिळाली. खाली शेरा होता: ‘यंत्र उत्तम. विद्यार्थिनीचं काम दिसलं नाही.’

कडकसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते शिक्षकांच्या खोलीत हजर.

“बाई, क? दंतवैद्यांच्या मुलाने पुठ्ठ्याचा दात केला तर त्याला ब, आणि आमचं चालतं यंत्र आणि क?”

“तो दात त्याने स्वतः केला होता,” बाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या. “वाकडा होता, म्हणून ब.”

“पण दर्जा बघाल की नाही?”

“बघितला ना. तुम्हाला मी डोळे मिटून अ दिला असता. पण तुमचं नाव माझ्या हजेरीपटावर नाही.”

शेजारच्या टेबलावरचे चित्रकलेचे सर एकदम खाली वाकून काहीतरी शोधायला लागले. कडकसाहेबांना वाटलं, त्यांची पेन्सिल पडली असावी.

ते तसेच वर मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. अशा पालकाचं काय करायचं असतं ते तिला पुरतं माहीत होतं. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमच्यासारखे तळमळीचे पालक फार थोडे. आपली बालकल्याण उपसमिती आहे, तिला सचिव नाही. तुम्ही घ्याल का जबाबदारी?” कडकसाहेब खाली उतरले तेव्हा क श्रेणी साफ विसरले होते.

आणि मग त्या घरात मुलांच्या कल्याणाचं काम सुरू झालं. मंगळवारी संध्याकाळी बैठक, शुक्रवारी संध्याकाळी बैठक, शनिवारी इतिवृत्त. बाकीच्या वेळी फोन. ‘मुलांचं ऐका’ या विषयावर भित्तिपत्रक करायचं होतं, त्यात कान काढायचा की हृदय, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी हृदयाला कान काढला. सात दहाचा मनमोकळा संवाद मात्र कडकसाहेबांनी एक दिवसही चुकवला नाही. बैठक असली तर ते फोनवरून करत. “हं, बोल. लवकर बोल, इथे अध्यक्ष थांबलेत.”

एकदा सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना बायको म्हणाली, “मुंगी हल्ली शाळेच्या बसने येत नाही. वॉचमन सांगत होता, चालत जाते म्हणून. विचारलं तर म्हणते, असंच. आणि चष्मिष महिन्यात आली नाही घरी. तुम्हाला काही बोलली का?”

“चालणं चांगलंच. व्यायाम आपल्या आराखड्यात आहे, पण अपूर्ण राहत होता,” कडकसाहेब म्हणाले. “मी विचारतो तिला. मंगळवारचं जरा आटपू दे.”

मंगळवार आटपला, त्याच्यानंतरचेही दोन मंगळवार आटपले.

उपसमितीने अखेर एक मोठा कार्यक्रम ठरवला: ‘ओळखा पाहू आपलं मूल!’ कल्पना सचिवांचीच. पालकांना एक प्रश्नावली द्यायची, तीच मुलांना वर्गात भरून घ्यायची, आणि शनिवारी सभागृहात दोन्ही कागद शेजारी शेजारी वाचायचे. उत्तरं जुळली की टाळ्या, सर्वांत जास्त जुळतील त्या पालकाला ‘सजग पालक’ चषक. दहा प्रश्न कडकसाहेबांनी स्वतः काढले. त्यांना वाटलं, दंतवैद्य चौथ्यालाच आडवे होतील. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “मोठ्याने नका वाचू. ज्याचं त्याला पाकिटात द्या.” उपसमितीने ती सूचना नोंदवून घेतली. नोंदवून घेणं म्हणजे काय ते समित्यांवर काम केलेल्यांना सांगायला नको.

शनिवारी सभागृह भरलं. मुलं पुढे जमिनीवर, पालक मागे खुर्च्यांवर. मुंगीची आई लॅबमधून थेट आली होती, मागच्या रांगेत कडेला बसली. माइकवर दंतवैद्य. चषक टेबलावर, कडकसाहेबांच्या बाजूला किंचित सरकवलेला. सरकवला कोणी, हे विचारू नये.

“सुरुवात अर्थातच आपल्या सचिवांपासून!” दंतवैद्यांनी दोन कागद काढले. मुंगी दुसऱ्या रांगेतून उठून व्यासपीठाखाली येऊन उभी राहिली.

“प्रश्न पहिला. आवडता रंग. वडील म्हणतात, गुलाबी. मुलगी म्हणते, मातीचा.” हलकं हसू आलं. कडकसाहेबही हसले. एवढं चालायचंच.

“आवडता विषय. वडील, गणित. मुलगी, विज्ञान होता.” दंतवैद्य थबकले. “होता असं लिहिलंय.”

“सर्वांत जवळची मैत्रीण. वडील म्हणतात, चष्मिष.” पोरं खुसखुसली, कोणीतरी मागे वळून चष्मिषकडे पाहिलं. “मुलगी म्हणते... आता कोणी नाही.”

हसू कुठे गेलं कळलं नाही. दंतवैद्यांना थांबावं हे सुचलं नाही, त्यांच्या हातात कागद होता आणि माइक चालू होता.

“मधल्या सुट्टीत कुठे असतो? वडील, मैदानावर. मुलगी, वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या बाहेर, तिथे कोणी येत नाही. सर्वांत नकोशी वाटणारी गोष्ट? वडील म्हणतात, पालेभाजी. मुलगी म्हणते, सात दहा.” त्यांनी कागद उलटून पाहिला. “सात दहा म्हणजे? पाढ्यातलं काही आहे का?”

सभागृहात ते फक्त तिघांना कळलं. कडकसाहेबांनी मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. मुंगीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बुटाच्या टोकाने फरशीची फट घासत होती आणि तिचे कान लालभडक झाले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना वाटलं, आपल्याला उन्हात उभं केलंय. आणि पहिला विचार काय आला म्हणता? की प्रश्न नीट काढले नव्हते. माणूस असा सहजासहजी सुधारत नाही.

“असो, असो!” दंतवैद्यांनी दुसऱ्या पाकिटाला हात घातला. आवाजात नाही म्हटलं तरी थोडा आनंद होता. “आता मी आणि माझे चिरंजीव.”

दंतवैद्यांचा मुलगा तिसऱ्या रांगेत होता. पुठ्ठ्याचा वाकडा दात करणारा, गोल चेहऱ्याचा. स्वतःचं नाव ऐकल्याबरोबर तो उठला नाही. त्याने गुडघे छातीशी घेतले आणि त्यांत तोंड लपवलं. एवढ्या पोरांत तेवढं एक डोकं खाली गेलेलं कडकसाहेबांना दिसलं. दिसलं ते मात्र अगदी स्वच्छ दिसलं.

ते उठले. दंतवैद्यांच्या हातातलं पाकीट त्यांनी काढून घेतलं, टेबलावरच्या पाकिटांचा खोका उचलला आणि काखेत मारला.

“अहो, काय करताय?” दंतवैद्य माइकमध्येच म्हणाले. “कार्यक्रम आहे!”

“कार्यक्रम संपला. बाकीचे कागद वाचायचे नाहीत.”

“पण ठरलंय ना समितीत? सचिव तुम्हीच—”

“मीच ठरवलं होतं. चुकलं माझं. ज्याचं पाकीट त्याच्या हातात द्यायचं आणि त्याने घरी जाऊन वाचायचं. बाईंनी सांगितलंच होतं.”

“मग चषक कुणाला?”

“तुम्ही घेऊन जा,” कडकसाहेब म्हणाले, आणि खोका घेऊन पायऱ्या उतरले. गोंधळ झाला, मुख्याध्यापिकाबाईंनी घाईघाईने चहापानाची घोषणा केली. वर्गशिक्षिका दाराशी उभ्या राहून पाकिटं वाटायला लागल्या. खोका देताना कडकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांनीही काही ऐकवलं नाही. ऐकवायला पुष्कळ होतं.

मुंगीची आई मुंगीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. “मला परत लॅबमध्ये जायचंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही हिला घेऊन जा. आणि अहो...” तिने नुसते ओठ मिटले. त्या मिटलेल्या ओठांवर त्यांनी जेवढा मजकूर वाचला, तेवढा प्रगतिपुस्तकावर सही करताना कधी वाचला नव्हता.

बापलेक चालत निघाले. शाळेची भिंत संपली, सायकल दुरुस्तीचं दुकान गेलं, बसथांबा आला. तिथे मुंगी आपोआप पलीकडच्या फुटपाथवर गेली. कडकसाहेब तिच्या मागे.

“बसने का येत नाहीस?” त्यांनी विचारलं आणि मग, त्यांच्या स्वभावाला न शोभेल असं, गप्प राहिले. एक चौक ओलांडेपर्यंत गप्प राहिले. त्यांना ते फार जड गेलं.

“मागच्या बाकावरच्या मुली विचारतात,” मुंगी शेवटी म्हणाली. “दप्तर उचलायला आज किती माणसं आणलीस? व्हॅन कुठंय? मॅडमना उतरवून घ्या रे. रोज.”

“मी उद्याच शाळेत—” कडकसाहेबांनी सुरुवात केली. मुंगी थांबली. तिने वर पाहिलं. ते वाक्य तिथेच राहिलं.

“आणि चष्मिष?”

“ती पाचवीतल्या कोणाबरोबर बसते डबा खायला. मी तिला म्हटलं होतं, बाबा ऐकत नाहीत. तर ती म्हणाली, तू पण काही बोलली नाहीस.” मुंगीने नाक ओढलं. “मी खरंच काही बोलले नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, वाईट वाटून घेऊ नकोस. ते तुम्ही तिला सांगितलंत, मला नाही सांगितलं.”

एवढ्या महिन्यांच्या संवादांत मिळून ती इतकं बोलली नव्हती, आणि आत्ता साडेपाच वाजले होते.

“मी तिची माफी मागतो. आत्ता जाऊ या. तिच्या आईवडिलांनाही भेटतो, सगळं पहिल्यापासून समजावून सांगतो, हवं तर मुंग्यांसाठी चांगली काचेची पेटीच आणून—”

“बाबा,” मुंगी म्हणाली. “दोन वाक्यं.”

“काय?”

“फक्त दोन वाक्यं बोलायची. तिसरं नाही. आणि पेटी नाही.”

चष्मिषनेच दार उघडलं. मागून तिची आई हात पुसत आली. कडकसाहेब उंबऱ्याबाहेर उभे. कामगारांपुढे तासभर बोलणारा माणूस, आता मनात वाक्यं मोजत होता.

“तुझा प्रकल्प चांगला होता आणि मी तो मोडला,” ते म्हणाले. “मुंगीचा त्यात काही दोष नव्हता, माझा होता.”

दोन झाली. तिसरं जिभेच्या टोकावर होतं, त्यात पाण्याच्या पुनर्वापराचं महत्त्व होतं. मुंगीने त्यांच्या शर्टाची बाही ओढली. त्यांनी ते गिळलं.

चष्मिषने चष्मा वर सरकवला. “बरं,” ती म्हणाली. मग मुंगीकडे बघून, “बघू.” आणि दार लावलं. तिच्या आईने आतून “अगं, पाणी तरी विचार” म्हटलेलं ऐकू आलं.

“बघू म्हणजे?” जिना उतरताना कडकसाहेबांनी विचारलं.

“बघू म्हणजे बघू.”

बघायला पाच आठवडे लागले. कडकसाहेबांना रोज वाटे, आज विचारावं. आणि रोज ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसत. मध्ये एकदा वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांनी बसमधलं सांगितलं आणि हात जोडून म्हणाले, “काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी काही सुचवत नाही.” हे आपण खरंच ऐकलं की आपल्याला भास झाला, याची बाईंना काही क्षण खात्री नव्हती. मागच्या बाकावरच्या मुलींची जागा ड्रायव्हरच्या मागे गेली. एकदम सगळं थांबलं असं नाही, पण मुंगी पुन्हा बसने यायला लागली. मग एका बुधवारी चष्मिष जिन्यात दिसली, काहीच झालं नाही अशा थाटात, पुस्तक परत घ्यायला आलेली. ते पुस्तक कुठलं होतं आणि मुळात होतं का, कुणी विचारलं नाही.

उपसमितीचा राजीनामा कडकसाहेबांनी त्या कार्यक्रमानंतर लगेचच दिला होता. तो एकमताने आणि जरा जास्तच तत्परतेने मंजूर झाला. दंतवैद्य आता अध्यक्ष आहेत आणि सचिवही. चषक त्यांच्या दवाखान्यात, दातांच्या साच्यांशेजारी आहे. त्यांच्या मुलाच्या पाकिटात काय होतं, हे कोणाला कळलं नाही. पण संध्याकाळी कधीकधी दोघं मैदानाला चकरा मारताना दिसतात, मुलगा पुढे, दंतवैद्य चार पावलं मागे आणि चक्क गप्प. कडकसाहेब लांबूनच मान हलवतात. त्या बाबतीत दाढेचा राग त्यांनी आवरता घेतलाय.

वर्षाच्या शेवटी मुंगीला गणितात साधारण, विज्ञानात बरे गुण मिळाले. कडकसाहेबांनी प्रगतिपुस्तक वाचलं, दोनदा वाचलं, आणि बाईंना फोन लावण्यासाठी शिवशिवणारा हात मांडीखाली घेऊन बसले.

परवा ते स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. तिथे मुंगी येऊन ओट्याला टेकली आणि आपणहून सांगायला लागली. वर्गात कुणीतरी कुणाची खोडरबरं लपवली, त्यावरून दोन गट पडले, एक गट दुसऱ्याशी बोलत नाही, पण दुसऱ्या गटातली एक पहिल्या गटातल्या एकीशी गुपचूप बोलते, आणि चष्मिष म्हणते हे सगळे वेडे आहेत. कडकसाहेबांना कोण कुठल्या गटात ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना तीन ठिकाणी सल्ला सुचला, एका ठिकाणी तर फारच चांगला होता. कांदा तिखट निघाला ते बरंच झालं, तोंड बंद ठेवायला निमित्त मिळालं.

“मग?” एवढंच ते मधून मधून म्हणत राहिले.

मुंगीचं सांगून झालं. तिने कांद्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि खेळायला निघून गेली. मुंगीची आई दारात उभी होती.

“काय म्हणत होती?”

“काही कळलं नाही बुवा,” कडकसाहेब डोळे पुसत म्हणाले. “उद्या उरलेलं सांगणार आहे.”